जुळवून नको घेऊस!

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. वर्ष २०२४. दुपारची वामकुक्षी आटोपून चहा टाकत होते, तोच दारावर टकटक झाली. पाहते तर आमच्या कॉलेजात एम.एस्सी. केमिस्ट्रीला असलेल्या एका मुलीची आई. हातात पिशवी, पिशवीत आंबे. मी रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण गावात अजून 'केमिस्ट्रीच्या मॅडम' हीच ओळख आहे. कुणाला बारावीनंतर काय घ्यावं ते विचारायचं असतं, कुणाला पाण्याच्या टाकीत तुरटी किती टाकायची ते.

पण या बाईंचा चेहरा वेगळाच होता. बसल्या, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "मॅडम, पोरीला कंपनीत पाठवायला सांगतायत कॉलेजवाले. महिनाभर. नाही पाठवली तर मार्क जातील म्हणे. आणि टीव्हीवर डोंबिवलीचं बघितलंत ना तुम्ही?"

बघितलं होतं. २३ मे ला डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात झालेला तो भीषण स्फोट. दोनच दिवस झाले होते. घराघरांत त्याच बातम्या. अशा वेळी कुठल्या आईला आपली लेक केमिकल कंपनीत पाठवावीशी वाटेल?

"हे जावई घरी, आजेसासूबाई म्हणतात शिक्षण पुरे झालं, आता स्थळं बघा. आणि ही म्हणते मी जाणारच. तुम्हीच सांगा, पाठवू का?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला लगेच 'पाठवा' म्हणवेना. कारण कॉलेजच्या कपाटातली एक फाईल मला आठवली होती.

ती फाईल म्हणजे सामंजस्य करार. सगळे त्याला एमओयू म्हणतात. नॅकची कमिटी येणार म्हटलं की कॉलेजात धावपळ सुरू होते. कुणीतरी म्हणतं, 'इंडस्ट्रीशी करार दाखवायला हवा.' मग ओळखीतून एखाद्या कंपनीचे साहेब येतात. शाल, श्रीफळ, फोटो. मीही विभागप्रमुख असताना अशा एका करारावर सही केली होती. फोटोत मी हसतेय! त्या करारावर पुढच्या चार वर्षांत एकही विद्यार्थी कंपनीत गेला नाही, कंपनीतून एकही माणूस कॉलेजात आला नाही. कमिटीने फाईल पाहिली, मान डोलावली, काम झालं.

आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून आपल्याकडे एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षाला 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. चार क्रेडिटचं. म्हणजे फोटोवर भागणार नव्हतं. मुलांना खरोखरच पाठवायचं होतं.

मी त्या बाईंना म्हटलं, "दोन दिवस द्या मला. आधी मी जाऊन बघून येते."

तुम्हाला वाटेल, ही कॉलेज आणि कंपनीची जोडी म्हणजे नवंच काहीतरी खूळ. तसं नाही हो. केमिस्ट्रीत तर ही जोडी फार जुनी आहे. आपण ज्या निळीने कपडे रंगवायचो, ती नीळ एकेकाळी बिहारच्या शेतात पिकायची. जर्मनीतल्या विद्यापीठांत बायर नावाच्या प्राध्यापकांनी कित्येक वर्षं घालून त्या निळीची रासायनिक रचना शोधून काढली. मग बीएएसएफ या कंपनीने प्राध्यापकांच्या मदतीने ती कारखान्यात बनवायला घेतली. कारखान्यात एकदा थर्मामीटर फुटला, त्यातला पारा भांड्यात सांडला आणि जी प्रक्रिया कशीकेल्या पुढे सरकत नव्हती ती झपाट्याने झाली, अशी मजेची हकीकत सांगतात. १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडची निळीची शेती बसली. म्हणजे बघा, तिकडे प्रयोगशाळा आणि कारखाना एकमेकांशी बोलायला लागले आणि त्याचा परिणाम इकडे आपल्या शेतापर्यंत आला. ज्यांच्याकडे ही जोडी नव्हती ते मागे पडले.

आपल्याकडेही शहाणी माणसं होती. मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. पुढे तोच 'यूडीसीटी' म्हणून नावारूपाला आला. सुरुवातीचे विषय कुठले, तर कापडाचं रसायन आणि केमिकल इंजिनिअरिंग. का? तर मुंबईत गिरण्या होत्या! कापड रंगवणं, धुणं, खळ देणं, सगळं रसायनशास्त्रच. १९४३ मध्ये हा विभाग माटुंग्याला गेला. पुढे तेल, रंग, औषधं, खाद्यपदार्थ असे एकेक विषय वाढत गेले. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात जे जे असतं ते सगळं! तिथले प्राध्यापक वर्गात शिकवायचे आणि कारखान्यांचे अडलेले प्रश्नही सोडवायचे. डॉ. मनमोहन शर्मा हे त्यातलं मोठं नाव. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९९० मध्ये त्यांना फेलो केलं, २००१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. डॉ. रेड्डीजचे संस्थापक अंजी रेड्डी, घरडा केमिकल्सचे केकी घरडा हे याच संस्थेचे विद्यार्थी. २००८ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे, आयसीटी नावाने. २०१८ मध्ये तिच्या शाखा भुवनेश्वरला आणि आपल्या जालन्याला निघाल्या. तिथल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची रचनाच अशी केली, की काही महिने वर्गात आणि काही महिने उद्योगात.

आणि १९३३ म्हटलं की मला आणखी एक गोष्ट आठवते. त्याच वर्षी मुंबईची एक मुलगी बी.एस्सी.ला अव्वल आली आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी अर्ज करून बसली. कमला भागवत. आपल्या दुर्गाबाई भागवतांची सख्खी बहीण. संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेलविजेते! त्यांनी मुलगी म्हणून तिला प्रवेश नाकारला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले, पण हिला दार बंद. ती हटली नाही, सत्याग्रहाच्या गोष्टी बोलली. शेवटी अटी घालून घेतलं. तिचं काम पाहून पुढे रामन यांचं मत बदललं आणि मुलींसाठी दार उघडलं. कमलाबाई केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. लग्नानंतरच्या कमला सोहोनी त्या याच. मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांकडून नीरेवर, डाळींवर, तांदळाच्या पिठावर संशोधन करून घेतलं, म्हणजे गरिबाच्या ताटातल्या पदार्थांवर. आणि आरे दूध प्रकल्पाला दुधाचा दर्जा कसा सुधारावा याचा सल्लाही दिला. कॉलेजातली बाई आणि दुधाचा कारखाना! करार, फोटो, शाल-श्रीफळ असलं काही न करता.

ही सगळी पुण्या-मुंबईची गोष्ट झाली. तालुक्याच्या गावी काय?

दुसऱ्या दिवशी मी आणि आताचे विभागप्रमुख (माझेच विद्यार्थी) एमआयडीसीत गेलो. पहिल्या कंपनीत साहेबांनी चहा पाजला, गोड बोलले आणि शेवटी म्हणाले, "मुलगे पाठवा मॅडम. मुलींचं जरा अवघड जातं." का, तर प्रयोगशाळेच्या मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृहच नाही. नव्वद वर्षं झाली कमलाबाईंच्या गोष्टीला! तेव्हा कारण नोबेलविजेत्याचं मत होतं, आज कारण संडास.

दुसऱ्या कंपनीत दार उघडलं. औषधांचा कच्चा माल तपासणारी प्रयोगशाळा. तिथे क्यूसीच्या प्रमुख एक बाईच होत्या. चाळिशीच्या असतील. केस घट्ट बांधलेले, पांढरा कोट, डोळ्यांवर गॉगल. त्यांनी आम्हाला फिरून सगळं दाखवलं. आपत्कालीन शॉवर, डोळे धुवायचा नळ, बाहेर पडायच्या खुणा. म्हणाल्या, "दोन मुली घेते. प्लॅन्टमध्ये पाठवणार नाही, लॅबमध्येच राहतील. दिवसपाळी. कंपनीची बस स्टँडवरून येते. पण वेळेवर यायला हवं आणि सांगेन ते करायला हवं."

मी परत येऊन त्या आईला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. 'काही होणार नाही हो' असं मात्र म्हटलं नाही, कारण ते मला कुठे माहीत होतं? जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं. त्या गप्प बसल्या थोडा वेळ. मग म्हणाल्या, "बाई आहे ना वरती? मग जाऊ दे."

पहिला आठवडा मुलगी हिरमुसली. रोज काचसामान धुवायचं. ब्युरेट, पिपेट, फ्लास्क. साबणाचं पाणी, नळाचं पाणी, मग शुद्ध पाणी तीनदा. "मॅडम, आईकडे भांडी घासते ती काय कमी आहेत?" मला म्हणाली. मी हसले. पण दुसऱ्या आठवड्यात तिला टायट्रेशन दिलं आणि तिथे खरी गोष्ट घडली.

ज्या मैत्रिणी सायन्सला होत्या त्यांना आठवेल. ब्युरेटमधून थेंब थेंब अॅसिड सोडायचं, रंग बदलला की थांबायचं, रीडिंग घ्यायचं. असं तीनदा. कॉलेजात तिन्ही रीडिंग सारखी यावी लागतात, त्याला आम्ही 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग' म्हणतो. आता माणसाच्या हातून तिन्हीच्या तिन्ही वेळा १०.२ कसं येईल? येतच नाही बहुतेकदा. मग मुलं काय करतात? पहिलं रीडिंग घेतात, दुसरं जमलं तर घेतात, तिसरं लिहून मोकळी होतात. आणि आम्ही? आम्हाला सगळं दिसत असतं. वीस-वीस मुलांच्या बॅचेस, दोन तासांची प्रॅक्टिकल, नळाला पाणी नाही, अॅसिड संपत आलेलं. "अगं, जुळवून घे आणि जर्नल पुरी कर," असं मी किती जणींना म्हटलं असेल याची गणती नाही.

तर आमच्या या मुलीला खाण्याच्या सोड्याची शुद्धता तपासायला दिली. दोन नमुने वेगवेगळे तोलायचे, दोन्हीचं टायट्रेशन करायचं. पहिल्याचं रीडिंग आलं २४.१. दुसऱ्याच्या वेळी हात जरा सैल पडला, थेंब जास्त गेले, रंग गडद झाला, रीडिंग २५.२. ती घाबरली. इकडे तिकडे पाहिलं आणि सवयीने वहीत लिहिलं, २४.१.

संध्याकाळी त्या क्यूसीच्या बाईंनी वही पाहिली आणि तिला बोलावलं. "दोन्ही नमुन्यांची वजनं सारखी आहेत का गं?"

नव्हती. एक होतं १.०१२ ग्रॅम, दुसरं १.०३८. सोडा जास्त तर अॅसिडही जास्त लागणार! मग रीडिंग सारखं येईलच कसं? कॉलेजात आपण एकाच बाटलीतलं द्रावण तीनदा मोजून घेतो, म्हणून तिथे सारखं रीडिंग खपून जातं. इथे तिच्या खोटेपणाची साक्ष तिच्याच वहीत, दोन ओळी वर लिहिलेली होती.

बाई ओरडल्या नाहीत म्हणे. एवढंच म्हणाल्या, "चूक केलीस तर मी तुला परत करायला सांगेन. खोटं लिहिलंस तर घरी पाठवीन. यातून कुणाचं तरी औषध बनतं."

मग त्यांनी तिला शिकवलं. चुकलेला आकडा खोडरबरने पुसायचा नाही, व्हाइटनर लावायचं नाही, गिरवून मोठा करायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख. कच्च्या चिठोऱ्यावर लिहून मग वहीत उतरवायचं नाही, थेट वहीतच लिहायचं. जास्त थेंब पडले तर 'जास्त थेंब पडले' असं लिहायचं आणि विचारून पुन्हा करायचं.

त्या रात्री मुलगी माझ्याकडे आली. पावसात भिजलेली. रडली. आणि रडता रडता म्हणाली, "मॅडम, तुम्हीच म्हणायचात ना जुळवून घे म्हणून?"

काय उत्तर देणार होते मी? सव्वीस वर्षं शिकवलं. आदर्श शिक्षिका म्हणून गावाने सत्कार केला. आणि एका मुलीच्या हातून झालेल्या खोटेपणाचं मूळ माझ्या एका वाक्यात सापडलं. मी तिला म्हटलं, "हो, मीच म्हणायचे. चुकलंच माझं." आयुष्यात प्रथमच विद्यार्थिनीपुढे हे कबूल केलं. तीही बघतच राहिली.

ती गेल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. वाटलं, हे वाक्य आपण मुलींना फक्त प्रयोगशाळेतच म्हणतो का? सासरी जुळवून घे. नवरा बोलला तर जुळवून घे. नोकरीत कमी पगार दिला तर जुळवून घे. बाहेर कसं दिसतंय तेवढं सांभाळ, आतला आकडा कोण बघतंय? संसारात थोडंफार जुळवून घ्यावं लागतं, मीही घेतलं आहे. पण कुठे घ्यायचं आणि कुठे नाही, हे मुलीला सांगायचं राहूनच जातं.

सव्वा महिन्यात ती मुलगी बरंच शिकली. आमच्या कॉलेजात ज्या एचपीएलसी यंत्राचं चित्र आम्ही फळ्यावर काढायचो, ते तिने स्वतः चालवताना पाहिलं, नमुने भरले, आलेख वाचले. बाटलीवरच्या धोक्याच्या खुणा शिकली. ज्या रसायनाला हात लावायचा त्याचं सुरक्षा माहितीपत्रक आधी वाचायला शिकली. आणि घरी येऊन आईला सांगितलं, की फिनाईल आणि ब्लीचिंग पावडर वाटेल त्याच्यात मिसळून संडासात ओतू नकोस, अॅसिडबरोबर तर मुळीच नको, विषारी वायू निघतो. आईला हे ट्रेनिंग सगळ्यात जास्त पटलं!

सगळं काही गोड झालं असं मात्र नाही. स्टायपेंड एक पैसा मिळाला नाही. डबा, रिक्षा, सेफ्टी शूज, सगळा खर्च घरचा. तिच्या वर्गातल्या काही जणांनी तर कुठे पाऊलही न टाकता ओळखीतून प्रमाणपत्रं आणली. त्यांनाही तेवढेच क्रेडिट. हेही जुळवून घेतलेलं रीडिंगच नाही का? कंपन्यांना वाटतं, ही पोरं म्हणजे डोक्याला ताप, कामाच्या वेळी मध्ये मध्ये करणार. कॉलेजांना वाटतं, कागद आला की झालं. दोघांच्या मध्ये मुलं लोंबकळतात, आणि मुली जरा जास्तच.

म्हणून ज्या मैत्रिणींच्या लेकी केमिस्ट्री शिकतायत त्यांना चार गोष्टी सांगते. मुलीला ट्रेनिंगला पाठवण्याआधी स्वतः किंवा घरच्या कुणीतरी एकदा जाऊन या. काम काय देणार, शिकवणार कोण, पाळी कुठली, बस आहे का, स्वच्छतागृह आहे का, हे सरळ विचारा. लाजू नका. गॉगल, हातमोजे, एप्रन कोण देणार ते विचारा. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते आणि शिकाऊ मुलीही त्या कायद्यात येतात, हे मुलीला सांगून ठेवा. रोज संध्याकाळी 'आज काय शिकलीस?' एवढं विचारा. पंधरा दिवस उत्तर 'झाडलोट' असंच येत असेल तर कॉलेजात जाऊन भांडा. आणि पैसे देऊन प्रमाणपत्र मिळतंय असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आमच्या कॉलेजात त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. त्या क्यूसीच्या बाई आता सत्रात एकदा शनिवारी येतात आणि मुलांना वही कशी लिहायची ते शिकवतात. कराराचा कागद आम्ही फोटोनंतर केला, आधी नाही! आणि प्रॅक्टिकलच्या खोलीत विभागप्रमुखांनी नियम केला, की जे रीडिंग येईल तेच लिहायचं, तिन्ही वेगवेगळी आली तरी मार्क कापायचे नाहीत. पहिल्याच परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी भुवया उंचावल्या. विभागप्रमुखांनी त्यांना समजावलं. किती पटलं कुणास ठाऊक.

मुलगी गेल्या वर्षी एम.एस्सी. झाली. त्या कंपनीत जागा नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका प्रयोगशाळेत लागली आहे, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. स्थळंही येतायत. परवा तिची आई भेटली, बाजारात. म्हणाली, "मॅडम, एका पाहुण्यांनी विचारलं, पोरीला स्वयंपाक सगळा येतो ना? मी हो म्हणून टाकलं. तर ही सगळ्यांदेखत म्हणते, नाही, पुरणपोळी येत नाही, फुटते. काय बोलावं हिला?"

"मग पाहुणे काय म्हणाले?" मी विचारलं.

"हसले," त्या म्हणाल्या. "परत येतो म्हणालेत."